दिवा विझवणारा मिस्त्री

गाडीच्या स्टिअरिंगमागं, वेगाच्या काट्याशेजारी, इंजिनच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. तो लागला की माणसं माझ्याकडं यायची आणि एकच वाक्य बोलायची, "मिस्त्री, तेवढा दिवा विझवून द्या." गाडीला काय झालंय ते बघा, असं म्हणणारी गिऱ्हाइकं मला सगळ्या हयातीत मोजकीच भेटली. लातुरात औसा रोडला माझं गॅरेज होतं. पाटीवर काहीही लिहिलेलं असलं तरी लोक 'दिवेवाल्या खाजामियाँकडं' म्हणूनच पत्ता सांगायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा. आता तितका वाटत नाही. का, तेच सांगायला बसलोय.

मी मूळचा नांदेडचा. आमच्या घरात चार पिढ्या हत्यारं हातात. आजोबा टांग्याच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचे, वडील सायकली दुरुस्त करायचे, मी गाड्यांत शिरलो. रहीम उस्तादांकडं शिकलो. उस्ताद इंजिनवर हात ठेवून, नळीतून येणारा धूर नाकाजवळ घेऊन गाडीचं दुखणं सांगायचे. त्यांच्याकडं ना मीटर, ना पुस्तक.

लातूरकडं मोठा भूकंप झाला तेव्हा मी त्यांच्याकडं कामाला होतो. एका ओळखीच्या डॉक्टरांनी जखमींना आणायला जीपगाड्या जमवल्या होत्या. त्या चालत्या ठेवायला माणसं पाहिजे होती, म्हणून उस्ताद मला घेऊन लातूरकडं निघाले. पडलेली गावं आणि लातूरचा दवाखाना, एवढ्याच रस्त्यावर आम्ही कितीतरी दिवस काढले. पाऊस लागला होता. एका जीपच्या मागच्या कनाती पावसामुळं घट्ट बांधल्या होत्या, आत तीन जखमी आणि एक बाई. गाडी निघाली तशी बाई ओरडली, "आत जीव घुसमटायलाय!" ड्रायव्हर थांबेना. उस्तादांनी जीपच्या पुढं उभं राहून ती थांबवली आणि चिखलात पाठीवर आडवे होऊन खाली शिरले. सायलेन्सरच्या नळीला चीर पडली होती. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तो तारेनं त्यावर आवळायला त्यांनी पंधरा मिनिटं घेतली. मी म्हणालो, "उस्ताद, जखमी लोक आहेत, एवढा वेळ?" ते खालूनच बोलले, "आदमी अंदर बैठा तो धुआँ बाहर जाना. इत्ताच काम है अपना, मियाँ."

नंतर गावं नव्यानं वसवायचं काम सुरू झालं. खडीचे टिप्पर, सिमेंटच्या गाड्या, अधिकाऱ्यांच्या जीपा, लातुरात मिस्त्रीला बसायला फुरसत नव्हती. मी तिथंच राहिलो, निकाह केला, गॅरेज टाकलं.

पुढं त्याच शहरात क्लासेसचं पीक आलं. डॉक्टर व्हायला, इंजिनिअर व्हायला चारी बाजूंनी पोरं येऊ लागली. गल्लीगल्लीत मुलींची वसतिगृहं, खानावळी, झेरॉक्सची दुकानं. पोरांची ने-आण करायला व्हॅन आल्या आणि व्हॅन आल्या म्हणून मीही पुन्हा शिकायला बसलो, कारण या गाड्यांत कॉम्प्युटर होता. पुण्याला जाऊन आठवडाभराचं शिक्षण घेतलं, स्कॅनर आणला. बायको म्हणाली, "नाक होतं की तुमचं, हे डबडं कशाला?"

हे डबडं काय करतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

पीयूसीवाला उभ्या गाडीच्या नळीत कांडी घालून धूर मोजतो. गाडीतला कॉम्प्युटर मात्र आपण चालवत असताना मोजतो, आणि आपल्याला न सांगता. धूर साफ करायला सायलेन्सरच्या नळीत एक डबा असतो. त्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि विषारी धूर त्यातून जाताना पुष्कळ निवळतो. आम्ही त्याला नुसतं 'कॅट' म्हणतो. कॅटच्या पुढं एक सेन्सर, मागं एक सेन्सर. पुढचा सांगतो आत काय गेलं, मागचा सांगतो बाहेर काय आलं. दोघं सारखंच बोलू लागले, तर मधला डबा काही करत नाही असा अर्थ.

पण ही परीक्षा कॉम्प्युटर वाटेल तेव्हा घेत नाही. काही गोष्टींवर तो सतत नजर ठेवतो, उदाहरणार्थ सगळे सिलिंडर बरोबर पेटतात का. तीही नजर रस्ता फार खराब असला की तो काढून घेतो, कारण खड्ड्याचा धक्का आणि इंजिनचा धक्का त्याला वेगळा ओळखता येत नाही. आमच्याकडच्या काही रस्त्यांवर तो बिचारा कायम सुट्टीवरच असायचा. कॅटची परीक्षा तर तो फार नखऱ्यानं घेतो. गाडी आधी पूर्ण थंड झालेली पाहिजे. मग सुरू होऊन चांगली गरम झाली पाहिजे. मग काही मिनिटं एकाच वेगानं चालली पाहिजे. मग ॲक्सिलरेटर सोडून, ब्रेक न लावता, आपोआप हळू झाली पाहिजे. यातलं एक चुकलं की पेपर रद्द, पुन्हा पहिल्यापासून. आणि एकदा नापास झालं म्हणून तो लगेच बोंब मारत नाही. मनात टिपून ठेवतो. दुसऱ्या फेरीतही नापास झालं, तरच दिवा लावतो. मला विचाराल तर माणसांपेक्षा बराच सबुरीचा परीक्षक.

स्कॅनर लावून दिवा विझवता येतो. बटण दाबायचं, झालं. पण दिव्याबरोबर कॉम्प्युटरची सगळी टिपणंही पुसली जातात. सगळ्या परीक्षांपुढं 'अपूर्ण' येतं. म्हणजे गाडी बरी झाली असं नाही, तिला आपलं दुखणं आठवत नाही, एवढंच.

व्यंकटची व्हॅन माझ्याकडं पहिल्यांदा आली ती एका सोमवारी, सकाळची पोरं क्लासला सोडल्यावर. व्यंकट भूकंपातल्या गावचा. लहानपणी दगडमातीच्या खाली अर्धा दिवस अडकला होता, मग लोकांनी काढला. शांत माणूस. पोरींना सोडायला आईबाप त्याचीच गाडी मागायचे, कारण तो ना जोरात चालवायचा, ना गाणी लावायचा.

"मामू, दिवा लागलाय," तो म्हणाला. "विझवा की. साडेदहाची बॅच आणायची हाय."

मी कोड बघितला. कॅट नापास. डबा बदलायला सांगितला तर तो आज बदलणार नाही, हे मला त्याच्या घड्याळाकडं बघण्यावरून कळत होतं. गाडी बरी चालत होती. मी बटण दाबलं. दिवा विझला. व्यंकट खुश, मी खुश.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला. "मामू, गंमत हाय बघा. आठवडाभर लातुरात फिरतो, काही न्हाई. रविवारी नांदेडचं भाडं केलं की दिवा लागतो. नांदेडची हवा मानवत न्हाई हिला."

मी हसलो. मला कारण ठाऊक होतं. लातुरात त्याच्या फेऱ्या दोन-दोन किलोमीटरच्या. थांब, उचल, ब्रेक, पुन्हा थांब. कॅटची परीक्षा तिथं कधी पूर्णच होत नव्हती. नांदेडच्या रस्त्याला लागलं की एकसारखा वेग मिळायचा. जाताना एक परीक्षा, नांदेडात दिवसभर गाडी थंड होऊन येताना दुसरी. दोन्हींत नापास, दिवा चालू. हे सगळं मी त्याला मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. तो तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. मला फार शहाणं वाटलं. आणि मी पुन्हा बटण दाबलं.

जाता जाता तो म्हणाला, "ॲव्हरेज बी पडलंय थोडं. आन् पोरी हल्ली लई झोपायल्यात गाडीत. एवढ्याशा अंतरात."

"पहाटे उठवतात रे त्यांना," मी म्हणालो. "झोप येणारच."

हे वाक्य मी बोललो. तिथंच थांबून खाली वाकलो असतो, तर हे सगळं सांगायची गरज नव्हती.

मग महिनाभरानं तो तिसरा सोमवार आला. थंडीचे दिवस होते. व्यंकटची व्हॅन दारात थांबली, दिवा पुन्हा लागलेला. मागं एक पोरगी आणि तिची आई बसलेली, सोबत कपड्यांची पेटी, पुस्तकांची दोन बोचकी. पोरीचं नाव शीतल. आई रुक्मिणबाई, मुखेडजवळच्या खेड्यातून भल्या सकाळच्या एसटीनं आलेल्या, पोरीला घरी न्यायला.

"पटकन विझवा मामू, ह्यांची गाडी हाय साडेअकराला," व्यंकट म्हणाला.

मी स्कॅनर लावला. स्कॅनर बोलता होईपर्यंत उगीच विचारलं, "सुट्टी लागली का गं?"

उत्तर आईनं दिलं. "कशाची सुट्टी? पोरगी सोडून चालली क्लास. डोकं दुखतंय म्हणती. उलट्या म्हणती. डॉक्टरनं चष्मा दिला, तरी दुखतंयच. क्लासचे सर म्हणले, ताण झेपत न्हाई हिला, घरी न्या. तिचा बाप म्हणतो, नाटकं हायती सगळी. आता मी कुणाचं ऐकू?"

शीतल खिडकीबाहेर बघत होती. हळूच म्हणाली, "नाटकं न्हाईत."

"मग काय हाय?"

"मी सांगितलंय तुला. क्लासला पोचले की दुखतं, दहा वाजेपर्यंत थांबतं. रविवारी दुखत न्हाई. दिवाळीला घरी होते, एकदा बी दुखलं न्हाई."

"रविवारी क्लास नसतो, म्हणून!" आई म्हणाली.

माझं बोट बटणावर होतं. रविवारी क्लास नसतो हे खरं. पण रविवारी ही व्हॅनही नसते. मी बोट काढून घेतलं.

"पोरी, तू गाडीत बसतेस कुठं?" मी विचारलं.

"हितंच. मधल्या बाकावर."

मी बाक पाहिला. हा कंपनीचा बाक नव्हता. जास्त पोरं मावावीत म्हणून व्यंकटनं तो नंतर बसवून घेतला होता. एकदा आधी चुकीच्या जागी, मग सरकवून. आधीच्या बोल्टांची चार भोकं गाडीच्या तळाला तशीच उघडी होती, वर फक्त रबरी पायपोस.

"व्यंकट, गाडी बंद कर. हलवायची नाही."

"मामू, एसटी..."

"एसटी जाऊ दे."

रुक्मिणबाई खाली उतरल्या. "का म्हणून जाऊ दे? मला संध्याकाळच्या आत घर गाठायचंय. म्हशी हायती, माणसं हायती."

मी म्हणालो, "बाई, तुमच्या पोरीचं डोकं ह्या गाडीनं दुखत असेल. मला बघायचंय. पण इंजिन थंड व्हावं लागतं, त्याशिवाय कळणार नाही. दोन तास लागतील."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मिस्त्री लोक एखाद्या कामात दुसरं काम कसं काढतात हे त्यांनी पाहिलेलं असणार. मग त्यांनी पेटी उतरवून घेतली आणि तिच्यावर बसल्या. "दोन तास," त्या म्हणाल्या. "घड्याळ हाय माझ्याकडं."

व्यंकटनं बाकीच्या पोरींना आणायला दुसऱ्या गाडीवाल्याला फोन लावला. मी स्कॅनरमधले आकडे वाचत बसलो. ते मला पहिल्याच सोमवारी वाचता आले असते. पुढचा सेन्सर सांगत होता की धुरात हवा जास्त आहे, पेट्रोल कमी पडतंय. म्हणून कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल वाढवत चालला होता, जवळजवळ त्याच्या हद्दीपर्यंत. पण पेट्रोल कमी नव्हतंच. सेन्सरच्या अलीकडं कुठंतरी नळी फुटली होती आणि तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती. त्या हवेला फसून कॉम्प्युटर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जाळत होता. जास्त पेट्रोल म्हणजे जास्त विषारी वायू, तो निवळायला चांगला कॅटही पुरा पडेना, म्हणून नापास. आणि जिथून हवा आत जाते तिथूनच तो वायू बाहेर येतो, कॅटमध्ये निवळण्याच्या आधी. त्याला ना रंग, ना वास. जो थोडा जळका वास सोबत येत असेल तो व्यंकटनं टांगलेल्या मोगऱ्याच्या अत्तरानं झाकला होता. पोरी कुबट वास येतो म्हणाल्या, म्हणून त्यानंच ते आणलं होतं.

दोन तासांनी गाडी सुरू केली. थंड इंजिनचा आवाज आला, टक टक टक टक, घड्याळ मोठ्यानं वाजावं तसा. गाडी गरम झाली की लोखंड फुगतं आणि हा आवाज बुजतो, गळती मात्र पुरती बुजत नाही. माझ्याकडं ती दर वेळी गरमच आली होती. मी खाली शिरलो, साबणाचं पाणी सोडलं, व्यंकटला मागच्या नळीच्या तोंडावर ओलं फडकं दाबायला लावलं. सायलेन्सरच्या पहिल्या जोडावर फेस उसळला. दोन नळ्यांच्या मधली चकती, म्हणजे गॅस्केट, जळून गेली होती. पायपोस उचलला, तर त्या चार भोकांभोवती काजळीची कडी.

मी बोट त्या काजळीवरून फिरवून रुक्मिणबाईंना दाखवलं. त्यांनी माझं बोट बघितलं, मग शीतलकडं बघितलं.

व्यंकट मात्र मानायला तयार नव्हता. "पण मामू, मी रोज चार-पाच तास ह्याच गाडीत असतो. माझं कसं न्हाई दुखत?"

"तुझी काच," शीतल म्हणाली.

तेव्हा आमच्या लक्षात आलं. व्यंकट कितीही थंडी असली तरी स्वतःच्या बाजूची काच पूर्ण लावत नाही. ढिगाऱ्याखालून निघाल्यापासून त्याला बंद जागेत बसवत नाही, हे सगळ्या पोरींना माहीत होतं. थंडी वाजते म्हणून त्या मागच्या काचा लावून घ्यायच्या. पुढं एकच काच उघडी आणि मागं सगळं बंद असलं की चालती गाडी खालच्या भोकांतून हवा ओढते. तो ताजी हवा घेत होता आणि मागं धूर चढत होता.

व्यंकट गॅरेजच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "मी त्यांना सांभाळून न्यायलो म्हणत होतो."

मी गॅस्केट बदललं, जोड नवा करून घेतला. बाक काढला, भोकं पत्रा लावून झाळून बंद केली. मगच बटण दाबून दिवा विझवला. काम संपायला संध्याकाळ झाली. रुक्मिणबाई पोरीच्या वसतिगृहात मुक्कामाला राहिल्या. जाताना म्हणाल्या, "नीट झालं म्हणून तुम्ही सांगणार. मला कसं कळायचं?"

"ते मी नाही, गाडीच सांगेल," मी म्हणालो. "सकाळी थंड गाडी काढून अहमदपूरच्या रस्त्याला न्यावी लागेल. तुम्ही चला. तिथून तुम्हाला मुखेडची एसटी मिळेल."

"येते. पण तुम्ही शीतलच्या जागी बसायचं. मागं. काचा लावून."

सकाळी सातला निघालो. मधला बाक काढलेला, म्हणून मी त्याच जागेवर गाडीच्या तळावर पोतं टाकून बसलो. काचा बंद. व्यंकटची काच नेहमीसारखी उघडी. स्कॅनरची वायर मागपर्यंत पुरेना, म्हणून तो पुढं बसलेल्या रुक्मिणबाईंच्या हातात दिला. सगळ्या परीक्षांची यादी पडद्यावर होती, प्रत्येकीपुढं फुली. झाली की फुलीची बरोबरची खूण होणार.

"व्यंकट, आता एकाच वेगानं. काटा हलवायचा नाही."

"हाव."

चाकूरच्या अलीकडं पुढं ऊस भरलेला ट्रॅक्टर आला. व्यंकटनं ब्रेक मारला. पेपर रद्द. पुन्हा वेग धरला, तर शेळ्या आडव्या. पुन्हा रद्द. रुक्मिणबाई वैतागल्या. "ही परीक्षा घेणारा हाय तरी कोण? शेळ्यांचं बी ऐकत न्हाई!"

"त्याला शेळ्या दिसत नाहीत, बाई. तो गाडीच्या आतच बघतो."

चाकूर मागं पडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. बोलण्यासारखं काही नव्हतं आणि मला बोलायचं होतं. मागं बसून पुढच्या माणसाच्या पाठीशी बोलणं सोपं जातं.

"बाई," मी म्हणालो, "हा दिवा आधी दोनदा लागला होता. दोन्ही वेळा माझ्याकडंच आला होता. मी खाली वाकून न बघता तो विझवला. पहिल्याच वेळी बघितलं असतं तर तुमच्या पोरीचे दोन महिने वाचले असते."

व्यंकटनं आरशातून माझ्याकडं बघितलं. रुक्मिणबाई मान न वळवता म्हणाल्या, "मला कशाला सांगता? डोकं माझं दुखत नव्हतं."

मग एकदम, "आली! तिसऱ्या ओळीला खूण आली!"

"पायाचा दाब काढ, व्यंकट. ब्रेक नको. आपोआप येऊ दे."

गाडी उतारावरून मुकाट खाली येत राहिली. अहमदपूरच्या अलीकडं कॅटच्या नावापुढची फुली गेली आणि खूण आली. मी आकडे वाचायला सांगितले, त्यांनी एकेक अंक सावकाश वाचला. कॉम्प्युटरनं पेट्रोल वाढवणं सोडलं होतं. माझं डोकं स्वच्छ होतं, ढुंगण मात्र बधिर झालं होतं. परत येताना दुसरी परीक्षा गाडी थंड करून घ्यायची होती, म्हणून आम्ही अहमदपूरला दुपारपर्यंत थांबणार होतो. रुक्मिणबाई थांबल्या नाहीत. स्टँडवर मुखेडची गाडी लागलेली होती. त्या एकट्याच चढल्या. पोरीची पेटी लातुरातच राहू द्या, एवढं म्हणाल्या.

परतीची परीक्षाही पास झाली. त्या संध्याकाळी मी वसतिगृहाच्या दारात जाऊन शीतलला भेटलो आणि गाडीत तिच्या आईला सांगितलं ते सगळं तिलाही सांगितलं. मला वाटलं, रडेल किंवा चिडेल. तिनं उलट मलाच विचारलं, "माझ्या शेजारी प्रतीक्षा बसायची. मुदखेडची. तिचं बी डोकं दुखायचं. ती पंधरा दिवसांपूर्वी क्लास सोडून गेली. तिला कोण सांगणार?"

व्यंकटनं दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पोरीच्या घरी फोन केले. स्वतः, एकेक करून. गाडीत धूर येत होता, पोरीला दवाखान्यात दाखवून घ्या, म्हणून. मी त्याला म्हणालो होतो, असं सांगितलंस तर पोरी तुझी गाडी सोडतील, गिऱ्हाइक तुटेल. बऱ्याच तुटल्या. दोघी-तिघींचे बाप गॅरेजवर येऊन मलाही बोलून गेले. ऐकून घेतलं. फक्त प्रतीक्षाच्या घरचा फोन लागत नव्हता.

रविवारी आम्ही दोघं त्याच व्हॅननं मुदखेडला गेलो. तिचे वडील रेल्वेत, रुळांच्या देखभालीवर. घर शोधायला वेळ लागला नाही. ते ओसरीत दाढी करत बसले होते. लातूरच्या क्लासच्या व्हॅनवाले म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"आता काय राहिलंय तिथं?" ते म्हणाले. "पोरीनं नाव घालवलं आमचं. झेपत न्हाई म्हणून पळून आली. आता नांदेडला कुठंतरी साधं कॉलेज बघायलोय."

प्रतीक्षा आतून आली आणि दाराशी उभी राहिली. बारीक पोरगी, हातात पिठाची परात.

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. जोड, भोकं, धूर, काच, आणि मी विझवलेला दिवा. तिचे वडील दाढीचा ब्रश हातात धरून ऐकत होते, तोंडावरचा फेस वाळत चालला होता. शेवटी मी तिच्याकडं वळून म्हणालो, "पोरी, तुझं डोकं चांगलं होतं. आमची गाडी नापास झाली होती."

व्यंकट म्हणाला, "ताई, माफी द्या."

तिनं परात खाली ठेवली, पीठ लागलेले हात तसेच धरले आणि वडिलांकडं बघितलं.

"अप्पा," ती म्हणाली, "ऐकलं का तुम्ही?"